अर्धी मात्रा

बेदाण्याचा दाणा दोन बोटांत चेपून तो कुठल्या गावच्या माळावर वाळला, त्याला पावसाचं पाणी लागलंय का आणि गंधक किती बसलंय, हे सांगणारी माणसं तासगावात पुष्कळ आहेत. धैर्यशील माने त्यांतलाच एक. तो सौद्याला आला की अडते जरा सावरून बसत. पण दाण्याच्या आतलं कळतं म्हणून माणसाला स्वतःच्या आतलं कळतं, असं थोडंच आहे?

इंदूरची फेरी करून आल्यावर त्याला लघवीला जळजळ सुरू झाली. उन्हाळा आहे, शेडवर पाणी पिणं होत नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि सरबताचे तांबे रिचवत राहिला. मग कपड्यांना पिवळसर डाग पडायला लागले. तेव्हा सरबत थांबलं, कारण डाग कुठून आला हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इंदूरला सुक्यामेव्याच्या एका पेढीवर वृंदा नावाची बाई मालाची प्रत पाहायची. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेल्या मराठी घरातली, बोलायला गोड, नवऱ्याशी फारसं न पटणारी. गेली दोन वर्षं धैर्यशीलच्या इंदूरच्या फेऱ्या वाढल्या होत्या आणि घरी सगळ्यांना वाटत होतं, धंदा वाढलाय.

तासगावात कुणी ओळखीचं भेटेल म्हणून तो सांगलीला गेला आणि एका औषधाच्या दुकानात, मागे गिऱ्हाईक नाही असं बघून, हळू आवाजात गोळ्या मागितल्या. दुकानदारानं एक शब्द न विचारता दिल्या. काही फरक पडला नाही.

पडणारही नव्हता. जुनी माणसं या रोगाला परमा म्हणत, आणि एके काळी तो पेनिसिलीनच्या एका सुईनं जायचा. पुढं सुई चालेना, मग गोळ्या आल्या, मग दोन औषधं मिळून द्यावी लागली. बरं वाटलं की लोक गोळ्या मधेच सोडत, उरलेल्या भावाला किंवा मित्राला देत, आणि अर्धवट मारलेला जिवाणू एकेक औषध पचवत पुढं जाई. ही गोष्ट घडली त्या सुमाराला जवळजवळ सगळी प्रतिजैविकं त्याच्यापुढं पाणी झाली होती.

म्हणून शेवटी धैर्यशील मिरजेला गेला. तिथं नव्या उपचाराचं केंद्र होतं. सरकारी पाटीवर त्याचं नाव लांबलचक होतं, लोक मात्र त्याला 'जोडी-केंद्र' म्हणत, कारण तिथलं औषध नवराबायकोला किंवा जे कोणी जोडीदार असतील त्यांना, दोन बाटल्यांत एकाच वेळी मिळायचं.

डॉ. तहसीन मुजावर चाळिशीच्या बाई होत्या. आवाज चढवायचा नाही आणि नजर खाली घालायची नाही, ही त्यांची पद्धत.

"लाजू नका," त्या म्हणाल्या. "सर्दी नाकाची असते, ही दुसरीकडची. आता ऐका. आपल्याला जसे रोग होतात तसे जिवाणूंनाही होतात. त्यांना खाणारे विषाणू असतात, आम्ही त्यांना भक्षक म्हणतो. ते माणसाला काही करत नाहीत. तुमच्या अंगातला जिवाणू मशीन वाचतं. त्याच्या अंगावर कुठं धरायला जागा आहे ते पाहतं, आणि तिथंच चिकटेल असा भक्षक घडवतं. तो चिकटतो, आपला जनुक आत सोडतो, आणि जिवाणू आतून फुटतो. तुमची बाटली फक्त तुमच्या जिवाणूसाठी. प्रत्येक बाटलीतल्या भक्षकात आम्ही एक खूण घालून ठेवतो, म्हणजे कुठली बाटली कुठं पोचली ते कळतं."

"म्हणजे बरा होणार मी?"

"पूर्ण घेतलीत तर. लग्न झालंय?"

हा प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं. घरी बायकोला, केतकीला, चौथा महिना होता. तिच्या पहिल्या तपासण्या झाल्या होत्या, सगळ्या चांगल्या आल्या होत्या, कारण तेव्हा तिला हा रोग नव्हता. तो नंतर घरात आला, आणि आणला तो यानं.

"बायकांना बहुतेक वेळा काही जाणवतच नाही," डॉक्टर आपल्या ओघात सांगत होत्या. "आतल्या आत गर्भनलिका खराब होतात. आणि पोटुशी असेल तर बाळाच्या डोळ्यांवर येतं. म्हणून विचारते. तुम्हाला कुणाचं नाव घ्यायचं नसेल तर घेऊ नका. नुसतं त्यांना इथं पाठवा. कुणामुळं कुणाला झालं हे मी कुणालाच सांगत नाही. माझं ते काम नाही."

इतकं सोपं होतं ते. केतकीला घेऊन यायचं, फार तर तिच्या एका प्रश्नाला उत्तर द्यायचं. पण तो प्रश्न त्याला डोळ्यांपुढं दिसला, केतकीच्या चेहऱ्यासकट.

"लग्न नाही झालेलं," तो म्हणाला. "परगावी एकदाच... नाव माहीत नाही."

डॉक्टरांनी त्याच्याकडं क्षणभर पाहिलं. "बरं. मग ही एकट्याची बाटली. थंड ठेवा आणि सांगितलीय तशी संपवा. एक गोष्ट पाठ करून ठेवा. यातली अर्धी कुणाला द्यायची नाही. अर्ध्या मात्रेनं जिवाणू मरत नाही, शिकतो. त्याला स्मरण असतं. हल्ला करणाऱ्याचा एखादा तुकडा हाती लागला तर तो कापून स्वतःच्या जनुकात जपून ठेवतो, आणि पुढच्या वेळी तोच भक्षक दारात आला की ओळखतो."

"नाही देणार कुणाला," धैर्यशील म्हणाला. शपथेवर विचारलं असतं तर तीही त्यानं घेतली असती.

बाटली त्यानं बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, आपल्या पेट्यांमागं ठेवली. परतीच्या वाटेवरच त्याच्या डोक्यात व्यापारी हिशेब सुरू झाला होता. दोन प्रतींचा माल एकत्र करून मधली प्रत करायची, हे तो आयुष्यभर करत आला होता. औषध दोघांत वाटलं तर दोघंही बरेचसे बरे होतील, उरलेलं अंगच परतवून लावेल, दोघंही तरुण आहेत. डॉक्टर मंडळी सगळं जरा वाढवूनच सांगतात. चोरी पचवायची असली की माणसाला स्वतःचंच म्हणणं किती पटतं!

आता ते केतकीच्या पोटात जायचं कसं? औषधाला रंग नव्हता, चव नव्हती. चहा-दुधात घालावं तर उकळत्यात भक्षक मरणार, एवढं त्याला कळत होतं. मग त्याला बेदाणे सुचले. दवाखान्यातल्या बाईंनी केतकीला रोज सकाळी भिजवलेले बेदाणे खायला आणि ते पाणी प्यायला सांगितलंच होतं. थंड पाणी, थंड बेदाणे. त्यात निम्मं औषध घालून वाटी तिच्या हातात द्यायची. कुणाला काय कळणार?

इथं त्यानं जी चूक केली ती फक्त बेदाणेवाल्याच्याच घरात होऊ शकते. तासगावकडं बेदाणा दोन तऱ्हेचा. शेडमध्ये वाळला की बंद खोलीत त्याला गंधकाची धुरी देतात, मग तो सोन्यासारखा पिवळा राहतो, त्याला कीड लागत नाही, बुरशी धरत नाही. तो विकायचा. घरात खायला मात्र धुरी न दिलेला, तपकिरी, दिसायला गरीब असा बेदाणा वेगळा काढून ठेवतात. मान्यांच्या स्वयंपाकघरातही तसा डबा होता. पण धैर्यशीलच्या मनाला अपराध टोचत होता, आणि टोचणी लागलेला माणूस हात सैल सोडतो. बायकोला द्यायचं तर उत्तमातलं द्यायचं, म्हणून तो शेडमधून सगळ्यात पिवळे, टपोरे, एक्स्पोर्टचे दाणे घेऊन आला.

केतकी लग्नाआधीपासून, म्हणजे आरगला माहेरी असल्यापासून, बेदाण्याच्या निवडणीवर बसलेली. तिनं वाटी नाकाजवळ नेली.

"अहो, हे विक्रीतले ना? गंधकाचे?"

"चांगले दोन पाण्यांनी धुतलेत."

"घरचे आहेत की डब्यात."

"रोज तेच खातेस. माझ्या पोरीला एवढे चांगले नकोत?"

"पोरगीच होणार, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" केतकी हसली, आणि त्या हसण्यात तिनं वाटी तोंडाला लावली. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. तो समोर उभा राहून बघत होता. तिला वाटलं, प्रेमानं बघतोय. खोटं नव्हतं ते, प्रेम होतंच. म्हणून तर सांगायचं धाडस होत नव्हतं.

बाटली संपेपर्यंत रोज सकाळी हेच चाललं. त्याची जळजळ थांबली, डाग थांबले. बाटली संपली तरी बेदाण्यांची वाटी त्यानं बंद केली नाही. एकदम बंद केली तर तिला वेगळं वाटेल, हे एक कारण. दुसरं असं, की त्या वाटीमुळं घरात त्याचं कौतुक व्हायला लागलं होतं. शेजारच्या बायका केतकीला चिडवत, "तुझं बरं आहे बाई, नवरा हातानं भिजवून देतोय." आरगहून तिची आई आली, तिनंही पाहिलं आणि पदर डोळ्याला लावून म्हणाली, "जावईबापू, असा माणूस शोधून मिळत न्हाई ओ." धैर्यशीलनं मान खाली घातली. सासूला तो विनय वाटला.

आपण बरे झालो, ती बरी झाली, प्रकरण मिटलं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. नवराबायकोचं जवळ येणं पुन्हा सुरू झालं. सणाच्या तोंडावर मागणी वाढली, तसा तो इंदूरलाही जाऊन आला. वृंदाला त्यानं काही विचारलं नाही आणि तिनंही काही सांगितलं नाही. दोघांच्या अंगात काहीच दुखत नव्हतं, त्यामुळं विचारायला कारणही नव्हतं.

केतकी मिरजेच्या प्रसूतिगृहात बाळंत झाली. मुलगीच झाली. धैर्यशीलनं पेढ्यांऐवजी सगळ्या मजल्यावर सोनेरी बेदाण्यांची पाकिटं वाटली. त्याचा आनंद खरा होता, आणि तो बाळाचे डोळे सुजेपर्यंतच टिकला.

आधी पापण्या फुगल्या. मग त्यांच्या फटीतून घट्ट पिवळा पू यायला लागला. सिस्टर पुसून घ्यायची की पुन्हा भरून यायचा. जन्मल्यावर डोळ्यांत घालतात ते थेंब घातले होते, त्यांचा काही उपयोग झाला नव्हता. पोर रडायची आणि डोळे उघडायचेच नाहीत. केतकीनं दिवसभर एकच प्रश्न विचारला, "तिला दिसतंय ना ओ?"

नमुना जोडी-केंद्रात तपासायला गेला आणि निकाल घेऊन वर आल्या डॉ. मुजावर.

दारात त्यांना पाहिल्यावर धैर्यशील खाटेच्या पलीकडं सरकला. त्यांनी त्याला ओळखलं. चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. केतकीची विचारपूस केली, बाळाचे डोळे पाहिले, मग अगदी सहज म्हणाल्या, "बाळाचे वडील का? जरा बाहेर या."

पॅसेजच्या टोकाला खिडकी होती, तिथं त्या थांबल्या.

"तुम्ही अविवाहित होता," त्या म्हणाल्या.

धैर्यशील खिडकीबाहेर बघायला लागला.

"मला भांडायचं नाही. वेळही नाही. बाळाच्या डोळ्यांतला जिवाणू मशीननं वाचला. त्याच्या स्मरणात तुमच्या बाटलीची खूण आहे. एका ठिकाणी नाही, जनुकात जागोजागी. भक्षकाचे इतके तुकडे जपून ठेवलेला जिवाणू मी आजवर पाहिला नव्हता. जिवंत भक्षक आत शिरला असता तर जिवाणू शिकायच्या आधी फुटला असता. हा निवांत शिकलाय. म्हणजे त्याच्यापर्यंत मेलेले, लुळे भक्षक पोचले, रोजच्या रोज. आपण लस कशी टोचतो? मेलेला जंतू देतो आणि शरीर शिकतं. तशी कुणीतरी या जिवाणूला लस दिली."

धैर्यशीलला वाटीतले पिवळे दाणे दिसले. कीड लागत नाही, बुरशी धरत नाही. लहानपणापासून तो हेच सांगून माल विकत आला होता.

"मी दुसरा भक्षक बनवू शकते," डॉक्टर म्हणाल्या. "पण तो कशानं मेला हे मला कळायला हवं. उष्णतेनं मेला असेल तर त्याचं कवच फुटलं, आतला फक्त थोडा भाग जिवाणूच्या हाती लागला. मग त्याच भक्षकात बदल करून चालेल. एखाद्या रसायनानं मेला असेल तर कवच शाबूत, आतला जनुक तेवढा बिघडलेला. तो सगळाच जिवाणूनं वाचला. मग हे कुळच बाद, मला सर्वस्वी वेगळ्या कुळातला भक्षक घ्यावा लागेल. दोन्ही वाटा करून बघत बसले तर बुबुळ तोवर थांबणार नाही. त्याला भोक पडतं. तुम्ही त्यांना काय दिलंत, कशातून दिलंत?"

सांगायचं ठरवूनच त्यानं तोंड उघडलं. आणि आतून सासूचा आवाज आला, "जावईबापू कुठं गेलं? केतकीला काय खायाला द्या की ओ!"

"मी तिला काही दिलेलं नाही," तो म्हणाला.

डॉक्टर त्याच्याकडं पाहत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग मला त्यांनाच विचारावं लागेल. औषध त्यांनाही घ्यायचंय, आणि कशाचं ते सांगितल्याशिवाय मी कुणालाही औषध देत नाही. तुमच्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण त्यांच्या अंगात काय आहे ते त्यांना सांगणार. तो त्यांचा हक्क आहे."

त्या आत गेल्या. धैर्यशील मागोमाग गेला, कारण बाहेर थांबणं त्याहून वाईट होतं. डॉक्टरांनी सासूबाईंना पाणी आणायला पाठवलं, खाटेशी स्टूल ओढलं आणि केतकीला सगळं सांगितलं. आजार कुठला, तो कसा लागतो, बाळाला कुठून आला, आणि त्याच्यावरचं जिवंत औषध मेलेल्या अवस्थेत कुठूनतरी पोटात गेलेलं दिसतंय. सांगताना त्यांनी केतकीचा हात धरून ठेवला होता. केतकीनं मधे एकदाही धैर्यशीलकडं पाहिलं नाही. ती बाळाच्या पापण्यांवरून ओला कापूस फिरवत होती, आतून बाहेर, सिस्टरनं दाखवला होता तसा.

"आता आठवून सांगा, ताई," डॉक्टर म्हणाल्या. "गेल्या काही महिन्यांत तुम्हाला कुणी वेगळं काही प्यायला दिलं? रोजच्या रोज?"

"नाही. गोळ्या होत्या रक्ताच्या, त्या मीच घ्यायची. दुसरं तर..."

कापूस थांबला.

धैर्यशील भिंतीला टेकून उभा होता. अजूनही त्याला बोलता आलं असतं. एक शब्द होता, तीन अक्षरांचा, आणि तो आपण बोललो तर निदान आपण बोललो एवढं तरी उरेल, हे त्याला कळत होतं.

"गंधक," केतकी म्हणाली.

"काय?"

"बेदाण्याच्या पाण्यातून दिलं असणार. घरचे सोडून गंधकाचे आणले होते. मी विचारलंही होतं." तिचा आवाज अगदी सरळ होता, निवडणीवर खराब दाणा बाजूला काढताना असायचा तसा. "गंधकात काही जिवंत राहत नाही, डॉक्टर. त्यासाठीच तर धुरी देतात."

डॉ. मुजावर उठल्या. दारातूनच त्यांनी प्रयोगशाळेला फोन लावला आणि सांगितलं, की जुनं कुळ सोडा, दुसरं घ्या, आत्ताच्या आत्ता. मग त्या परत आल्या आणि या वेळी त्यांनी धैर्यशीलला केतकीसमोरच विचारलं.

"तुमच्याही अंगात आता हाच शिकलेला जिवाणू असणार, त्रास होवो न होवो. तो या खोलीतच थांबला तर आपण सुटलो. बाटली संपल्यानंतर तुम्ही आणखी कुठं गेला होता?"

त्यानं नजर बाळाकडं वळवली. आता आणखी काय लपवायचं राहिलं होतं? तरी सवय सुटत नव्हती.

केतकीनं कापूस पुन्हा पाण्यात बुडवला.

"सांगा," ती म्हणाली. "तिलाही पोरंबाळं असतील."

तेव्हा त्यानं वृंदाचं नाव सांगितलं. सांगताना तो रडला. खोलीतल्या दोघी आपापल्या कामात होत्या.

नवा भक्षक एका डोळ्यापुरता वेळेत आला. बाळाचा डावा डोळा स्वच्छ राहिला. उजव्या बुबुळावर तांदळाएवढा पांढरा डाग कायमचा बसला. त्या बाजूनं तिला उजेड कळतो, माणूस कळत नाही.

जोडीच्या दोन बाटल्या केंद्रात समोरासमोर बसून घ्यायच्या असतात. धैर्यशीलनं नेहमीच्या सवयीनं केतकीची बाटली उघडून द्यायला हात पुढं केला. तिनं बाटली उचलून मांडीवर ठेवली, झाकणाचं सील पाहिलं, स्वतः फोडलं, नाकाशी नेऊन वास घेतला आणि मगच प्यायली. मग एवढंच विचारलं, "आणि तिसरी?"

तिसरी बाटली केंद्राच्या फ्रिजात होती, वृंदासाठी. इंदूरच्या केंद्राला कळवलं होतं, पण पेढी सोडून ती कुठं गेली ते तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. धैर्यशीलजवळ असलेला नंबर वाजायचा आणि बंद व्हायचा.

केतकी आरगला गेली नाही. सगळ्यांना वाटलं, जाईल. ती मुलीला घेऊन तासगावच्या घरीच आली, कारण तिला एका गोष्टीवर लक्ष ठेवायचं होतं. रोज सकाळी, पूर्वी बेदाण्यांची वाटी यायची त्या वेळेला, ती मुलीला मांडीवर घेऊन बसायची आणि विचारायची, "लावला का फोन?" मग तो तिच्यासमोर, आवाज मोठा करून, फोन लावायचा. नवराबायकोत दिवसभरात बोलणं म्हणाल तर तेवढंच. तो हातानं पाण्याचा पेला भरून ठेवायचा, आणि संध्याकाळी तो पेला तसाच भरलेला असायचा.

डॉ. मुजावर मधे येऊन गेल्या. दोन परक्या गावांतून बातम्या आल्या होत्या, नवी औषधं लागू पडत नाहीत म्हणून. "आपलाच असेल असं नाही," त्या म्हणाल्या. "आणखी कुणाच्या तरी घरात अशी वाटी असेल." चहा न पिताच त्या गेल्या.

एका सकाळी फोन उचलला गेला.

"कोण?" बाईचा आवाज होता, दबका. तो "वृंदा, मी..." म्हणाला आणि अडकला. केतकीनं मुलीला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि त्याच्या हातातून फोन घेतला.

"वृंदाताई, मी तासगावहून केतकी बोलतेय. यांची बायको. फोन ठेवू नका, मी भांडायला केलेला नाही." तिनं श्वास घेतला. "यांच्याकडून तुम्हाला आजार आलाय. त्रास नसला तरी आहे. औषध आहे त्याला, मिरजेत तुमच्या नावानं ठेवलंय, ते तिकडं पाठवतील. तुम्ही लगेच तुमच्या केंद्रात जा."

"मी गेलेय केंद्रात, इथल्या नव्या गावातल्या," वृंदा म्हणाली. "सणानंतर त्रास व्हायला लागला, तेव्हाच. त्यांनी बाटली दिली इथं. घेतली मी."

केतकीच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिनं नवऱ्याकडं सरळ पाहिलं. त्याच्या मांडीवर मुलगी जागी होती, डावा डोळा आवाजाकडं, उजवा कुठंच नाही.

"बरं झालं," केतकी म्हणाली. "पूर्ण घेतलीत ना? एक सांगते, मनावर घ्या. त्यातली अर्धी कुणाला देऊ नका. काही झालं तरी."

पलीकडं कुठंतरी लांब भांडी वाजली, एका पुरुषानं कुणालातरी हाक मारली. मग वृंदाचा आवाज आणखी खाली गेला.

"दिली," ती म्हणाली. "ह्यांना. चहातून."